चिठ्ठी आणा, मग मशाल

पप्पा, आज शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि रबाळ्याच्या ऑफिसात बसून मी तुमचं एक वाक्य तिसऱ्यांदा तपासतोय. चार वाजता ते वर्गणीदारांकडे जाईल.

आम्ही चौघं मिळून संगणकावरचा एक खेळ बनवतोय, जुन्या पद्धतीचा. पळापळ नाही, गोळीबार नाही. पडक्या किल्ल्यात शिरायचं, लिहिलेलं वाचायचं, पाळीपाळीने तलवार चालवायची. पैसे लोकांनी इंटरनेटवरून आगाऊ दिलेत, वर्गणीच म्हणा. गणपतीच्या पोरांना दारात उभं करून तुम्ही पावतीपुस्तकाचे नंबर तपासायचात, म्हणून सांगतो, प्रत्येकाला पावती दिली आहे. बारावी सोडलेल्याला तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. खेळातलं सगळं मराठी मी लिहितो.

त्या किल्ल्यात मी एक कोठारवाला घातला. मागाल ते त्याच्याकडे आहे, पण तो एकच बोलतो, ‘चिठ्ठी आणा.’ किल्लेदाराच्या सहीची चिठ्ठी आणली की मशाल मिळते. त्याची वाक्यं मी चाळीस वेळा वाचली, अनुस्वारसुद्धा चुकलेला नाही. फक्त किल्लेदार अंधाऱ्या भुयारात कैद आहे आणि मशालीशिवाय भुयारात पाऊल टाकता येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वर्गणीदारांना खेळ आधी खेळायला दिला होता, ते आठवडाभर कोठाराच्या दारात उभे आहेत. एकाने लिहिलंय, ‘राक्षस परवडला, पण हा म्हातारा आवरा.’

सकाळी आमची मुख्य, उरणची मुलगी, माझ्या टेबलाशी आली. “काढून टाक ना रे त्या म्हाताऱ्याला. मशाल दारातच ठेव, टेन्शन खल्लास.”

“तो माझा बाप आहे,” मी म्हणालो.

चित्रं काढणारा कानातला हेडफोन काढून म्हणाला, “भाई, आधी सांगायचं ना. मी त्याला टक्कल दिलंय.”

“टक्कल बरोबर आहे.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. “ठीक आहे. म्हातारा राहू दे. पण चारच्या आत रस्ता काढ, नाहीतर मी काढते त्याला.”

रस्ता तुमच्याकडेच होता. पावणे एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यातला तो शनिवार. मी सहावीत, शाळेला सुट्टी म्हणून तुमच्या स्टोअरमध्ये बाकावर बसलोय. लाइट गेलेली. मॅनेजर स्वतः येतात, बॅटरी मागतात, तुम्ही मान वर न करता म्हणता, “साहेब, चिठ्ठी.”

“अहो, चिठ्ठीवर सही मीच करतो ना!”

“मग करा ना साहेब.”

“अंधारात फॉर्म कुठे शोधू?”

तुम्ही उठता, खुंटीवरच्या डब्याच्या पिशवीतून आपली छोटी बॅटरी काढता. “ही घ्या. ही स्टोअरची नाही, माझी आहे. हिला चिठ्ठी लागत नाही. संध्याकाळी परत द्या.”

तेच केलं, पप्पा. खेळणाऱ्याने तीनदा मागितलं की कोठारवाला पिशवीत हात घालतो आणि स्वतःची पणती देतो, तुमच्याच वाक्यासकट: ‘हिला चिठ्ठी लागत नाही.’ नियम मोडला नाही, भुयार उघडलं. उरणच्या मुलीने स्वतः खेळून पाहिलं आणि म्हणाली, “खडूस आहे, पण चांगलाय.” तुम्ही नोकरीतून निवृत्त झालात तेव्हाही कुणी याहून बरं बोललं नव्हतं.

आता तीन पन्नास. फाइल पाठवतो. हे पत्र मात्र इथेच राहील, कारण पुढचं तुमच्यासमोर बोलायची माझी अजून हिंमत नाही. त्या दिवशी मॅनेजर दोन मिनिटांत परत आले होते. बॅटरी पेटलीच नव्हती. तुमचे कान लाल झाले. संध्याकाळी कोपरखैरण्याच्या दुकानदाराशी तुम्ही तासभर भांडलात, सेल पंधरा दिवसांत संपतात कसे, आणि त्याच्याकडून नवे घेऊनच आलात. तुम्ही प्रत्येक सेलवर पेनाने तारीख लिहायचात, तीच त्याला दाखवलीत. पप्पा, तुमचे चांगले सेल माझ्या विटा रचायच्या हातातल्या व्हिडिओ गेममध्ये होते. बॅटरीत मी माझे संपलेले घातले होते, आणि त्यांच्यावरची तारीख तुमच्या अक्षरात मीच लिहिली होती.