कडबाकुट्टीचं बटण

मंद्रूप, मंगळवार

प्रिय अहो,

जखम पूर्ण भरली, असं काल सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही सांगोल्याला मामांच्या डाळिंबाच्या बागेत आहात, हे परतताना एसटीत आण्णांनी कबूल केलं. स्वतःचा मुलगा कुठे आहे ते माहीत असून माझे सासरे चार महिने गप्प बसले! अक्षर वेडंवाकडं आहे. डाव्या हाताचं आहे, वाचा.

डॉक्टरांना दिसत नाही ते तुम्हाला सांगते. नसलेल्या उजव्या हाताची बोटं अजून खाजतात. शेजारी कडबा कापायची कडबाकुट्टी सुरू झाली की मी घामाघूम व्हायचे, आत दार लावून बसायचे. दवाखान्यातल्या समुपदेशक बुद्धप्रियाताई म्हणाल्या, आवाजापासून पळू नका, रोज थोडं जवळ जा. आता सकाळचा चहा मी आपल्या मशीनपाशी बसून पिते. बंद असते, पण बसते. शेजारच्या बजाबाईनं परवा टोमणा मारला, ‘एका हातानं भाकरी कशी गं थापणार?’ म्हटलं, ‘थापते की. काठ फाटत्यात, पण तुमच्या तोंडाएवढे न्हाय.’ तेव्हापासून ती माझी कीव करत नाही, भांडते. लई बरं वाटतं.

दवाखान्यात मी तुमच्यावर पेला फेकला, ‘तोंड दाखवू नका’ म्हणाले. तुम्ही खरंच गेलात. जाताना सगळ्यांना सांगून गेलात, ‘लाईट गेल्यावर बटण बंद करायचं मी विसरलो. लाईट आली आन् शालनचा हात गेला.’ गावानं ते मानलं. मीही मानू दिलं.

पण त्या सकाळी, अडकलेला कडबा काढायला मी हात घालण्याआधी, तुम्ही गोठ्यातून विचारलं होतं, ‘बटण बंद केलंस का?’ आणि मी न बघताच ‘व्हय’ म्हणाले होते. तुम्हाला ते आठवतं, मला माहीत आहे. माझी चूक यापुढे तुम्ही उचलायची नाही. आज सकाळी मी आण्णांना आणि बजाबाईला खरं सांगून टाकलं, म्हणजे गावाला कळलंच. हे पत्र घेऊन आण्णाच येत आहेत. शुक्रवारी सकाळी आठला लाईट येते. कडबा तुम्ही घालायचा, बटणापाशी मी. नाही आलात तरी मशीन सुरू होणारच. पण गुरुवारी संध्याकाळच्या गाडीला मी थांब्यावर उभी असेन, हात पदराखाली न झाकता.

तुमचीच, अजून थोडी रागातली,
शालन