माझा न्यूट्रॉन तारा

२ जून २०२५, सकाळ
तासिका तत्त्वावर चौदा वर्षं झाली. पुरे. पेठचं कॉलेज मला पर्मनंट करत नाही, कारण माझ्या नावावर संशोधन नाही. म्हणून या सुट्टीत एक न्यूट्रॉन तारा शोधायचा.
म्हणजे मेलेला तारा. आकाराने जेमतेम नाशिकएवढा, वजन सूर्याहून जास्त, दिसत मात्र नाही. पण जोडीला चमकता तारा असेल तर तो याच्याभोवती फिरताना कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो. तेवढ्यावरून पकडायचा. दुर्बीण नको. परदेशी वेधशाळांच्या कच्च्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत.
मोहिनी म्हणाली, नवनाथने त्याच्या चांदवडच्या क्लासमध्ये फिजिक्सची जागा तुमच्यासाठी धरून ठेवलीय, वीस तारखेच्या आत कळवा. नवनाथ तिचा भाऊ. बी.कॉम. आहे.
दहा तारखेपर्यंत शोध पूर्ण.

१० जून
शोध अपूर्ण. लॅपटॉप अपडेट होत होता. दोन दिवस.

१४ जून, दुपारी ३.४०
सापडला!!
तारा सेकंदाला चोवीस किलोमीटरने पुढेमागे होतोय. न दिसणाऱ्या जोडीदाराचं वजन दीड सूर्य. एक फेरी बरोबर ३६५ दिवसांत. निसर्गात एवढा नीटनेटकेपणा क्वचितच आढळतो.
मोहिनीला सांगितलं. छान, म्हणाली. मग विचारलं, नवनाथला फोन केला का.

२० जून
नवनाथला नकार कळवला. म्हणाला, दाजी, तारा सापडला ते लय भारी झालं, पण सोमवारी बॅच चालू होतेय, मी शिकवायला कोणाला उभं करू? मी म्हणालो, थोड्या दिवसांनी मीच तुझ्याकडे उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून येईन.
मोहिनी जेवली नाही. उपास असावा.

३ जुलै
डॉ. चांगुणा गावित यांना ईमेल केला. पुण्यात ताऱ्यांवरच संशोधन करते. मूळची सुरगाण्याची, पेठला माझीच विद्यार्थिनी. मी तिला बी.एड. कर म्हणून बजावलं होतं. ऐकलं नाही. तरी मी मनात काही ठेवलेलं नाही. पेपरवर तिचं नाव दुसरं घालेन.

११ जुलै
उत्तर नाही. शोध ढापण्याची शक्यता. ग्राफच्या प्रिंट काढून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. पुरावा असावा.

१५ जुलै, संध्याकाळ
चांगुणाचा फोन आला. उशीर झाला म्हणून माफी मागितली. आठवडाभर माझीच आकडेमोड पुन्हा करून बघत होती म्हणे.
मग म्हणाली, सर, फेरी ३६५ दिवसांची आलीय. मी म्हणालो, हो ना, कमालच.
 ती हळूच म्हणाली, सर, या कच्च्या नोंदी आहेत. यातून पृथ्वीचा स्वतःचा वेग वजा करायचा राहिलाय. सूर्याभोवती आपण फिरतो, सर. तारा जागेवरच आहे. जोडीदारही नाही.
बारा मिनिटं समजावलं. एकदाही आवाज चढवला नाही. मी हाच धडा चौदा वर्षं शिकवतोय, मला इतका सोपा कधी करता आला नाही.
शेवटी विचारलं, सर, आता पर्मनंट झाला असाल ना? बोलणी अंतिम टप्प्यात आहेत, म्हणालो.

१६ जुलै
मोहिनीला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. मग उठून माझं ताट वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ जुलै
पेठ. ऑफिसातले सहादूभाऊ म्हणाले, सर, औंदा फिजिक्सला तीनच पोरं हायेत. वर्कलोडच नाय, मंग ऑर्डर कशी काढायची? त्यांनी चहा पाजला. मी प्यालो.
येताना जीपमधून नवनाथला फोन केला. जागा भरली. संघर्ष नावाचा मुलगा आहे, सव्वीस वर्षांचा. क्लासच्या होस्टेलवर लक्ष ठेवायला माणूस हवाय, दाजी, तुम्हाला चालेल का, म्हणाला. विचार करून सांगतो म्हणालो. घाटात रेंज गेली. रेंज आल्यावर हो म्हणालो.

४ ऑगस्ट, चांदवड
रुजू झालो. खोली ठीक आहे. मुलांना गोळा करून स्पष्ट सांगितलं, फिजिक्सचं काहीही अडलं तर माझ्याकडे यायचं. एक जण आला. गीझर बंद आहे म्हणाला.
इथे सर म्हणजे संघर्ष सर. मला मुलं काका म्हणतात.