बिनतोफेची गाडी

टूवूंबा (ऑस्ट्रेलिया), १४ एप्रिल २०२०

ती. बाबांस,
वेदचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर बोलायची माझी हिंमतही नाही. म्हणून वहीच्या पानावर लिहून यामिनीताईला फोटो पाठवतोय. लॉकडाऊनमध्ये ती माहेरी अडकली ते बरंच झालं, तुमच्या पोटाला नीट मिळत असेल. अक्षराला हसू नका, दहावीला तीनदा बसलेल्याचं आहे.

इथेही सगळं बंद. पण आमचा मालक, म्हातारा बर्ट, शेड उघडी ठेवतो. तो जुन्या लष्करी गाड्या जमवतो, मी वेल्डिंग करतो. सध्या महायुद्धातला एक इटलीचा रणगाडा आलाय. बुरूज नाही, तोफ नाही, वर नुसता जाड पत्रा. बर्ट म्हणतो, बुरूज उडाला असणार, मग कोणीतरी ठिगळ लावलं. सोमवारी तो पत्रा मी कापायचा आणि वर नवा बुरूज, पाइपाची तोफ. २५ तारखेला इथे सैनिकांचा दिवस असतो, तेव्हा गेटवर उभा करायचाय. बर्टचे वडील आफ्रिकेत याच इटलीवाल्यांशी लढले होते.

पण आत डावीकडे कसली तरी फळी आहे, ती काही कळत नाही. तुम्ही रणगाड्यात बसलेले माणूस. ताईच्या साखरपुड्यात मी पाव्हण्यांसमोर बोललो होतो, की बाबांनी युद्धात एक गोळी झाडली नाही, हेडफोन लावून नुसती बडबड केली. तेव्हा ट्रंकेत गेलेली तुमची पदकं तीन वर्षं बाहेर आली नाहीत, ताई सांगते. तरी तुम्हालाच विचारतोय. कापायला हात धजत नाही.

राग घटकाभर बाजूला ठेवून उत्तर द्यावं,
वेद


कराड, १६ एप्रिल

चि. वेद यास अ. उ. आ.

पत्र पोचले. यामिनीने मोठे करून दाखवले.

कापू नकोस. इटलीचे मला ठाऊक नाही, पण आधी बघ, पत्रा वेल्ड केलेला आहे की बोल्टने बसवलेला? ठिगळ लावणारा घाईत वेल्ड मारतो, कारखाना मापात बोल्ट लावतो. वेल्डर असून तुला हे दिसू नये? फळीजवळ केबलची भोके आणि वर एरियलच्या दोन बैठका सापडल्या तर ती कमांडरची गाडी. हुकूम द्यायला जादा रेडिओ लागतो. तो मावावा म्हणून तोफ काढतात. मोडलेली नाही ती, तशीच बनवलेली आहे.

एकाहत्तरला साहेबांच्या गाडीत दोन सेट माझ्याकडे होते. एक डाव्या कानाला, एक उजव्या. मागे चौदा गाड्या. मी गप्प बसलो असतो तर कुठे वळायचे ते त्यांना कळले नसते. डावा कान तिथेच राहिला.

मास्क लाव. नुसत्या पावावर राहू नकोस.

तुझे बाबा


टूवूंबा, २५ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न.

बोल्टच निघाले, बाबा! रंगाच्या थराखाली, सगळे एका अंतरावर. एरियलच्या दोन्ही बैठकाही सापडल्या.  कटरची नळी बर्टने स्वतः गुंडाळून ठेवली.

यंदा परेड नव्हती. उजाडताना सगळे आपापल्या गेटवर मेणबत्ती घेऊन उभे. आमची गाडी होती तशीच. समोरच्या शेजाऱ्याने ओरडून विचारलं, तोफ कुठाय मित्रा? मी म्हटलं, ही बोलते म्हणून बाकीच्या लढतात, आणि माझे बाबा अशाच गाडीत होते. बर्टने हॅट काढली.

नंतर आत डावीकडे जाऊन बसलो. गुडघे छातीला लागतात. तुम्ही असे किती दिवस बसलात, कधी विचारलंच नाही. पाव्हण्यांसमोर जे बोललो ते आज अख्ख्या रस्त्यासमोर परत घेतलं. तुम्हाला ऐकू आलं नसणार, म्हणून लिहून पाठवतोय.

लोभ उरला असेल तेवढा पुरे,
वेद


कराड, २६ एप्रिल

चि. वेद यास अ. उ. आ.

तेरा दिवस. पहिले चार दिवस बूटही काढले नाहीत.

सकाळी पदके काढली. कोटाचे बटण लागत नाही, यामिनी हसते. तसाच गेटवर उभा राहिलो. रस्त्यावर फक्त दूधवाला. त्याने विचारले, दादा, आज काय विशेष? म्हटले, मुलाचे पत्र आले आहे. फोटो पाठवत आहे, बर्टसाहेबांना दाखव.

विमाने सुरू झाली की ये. माझ्या उजव्या बाजूला बसून बोल.

बाबा