शेवटचा परिच्छेद

दि. ४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा छापील निबंध एप्रिलातच दुसऱ्याकडून हाती आला. तुझ्या वहिनीच्या अंडाशयातला कर्करोग पसरतो आहे, हे तुला ठाऊक. तसल्याच पेशींचा प्रसार मंद करणारे द्रव्य आपल्या फाटकाजवळच्या झुडपाच्या पानांत आहे, हे तू परक्यांच्या सभेत वाचलेस. घरी एक अक्षर नाही. परमेश्वराने दारात औषध उगवावे आणि सख्ख्या नणंदेने ते झाकून ठेवावे, याला मी विद्या म्हणत नाही. दीड महिना तिला त्या पानांचा काढा देतो आहे. केमोच्या दोन तारखा मीच रद्द केल्या. तुझ्या सल्ल्याची गरज नाही.

आशीर्वाद आहेत, ते केवळ वडीलकीपोटी.
दादा

दि. ९ जून

ती. दादांस सा. न.

वि. वि. आम्ही काचेच्या ताटलीत पेशींचा थर वाढवतो, त्यावर ओरखडा काढतो. पेशी सरकून तो भरतात. द्रव्य घातले की भरायला उशीर लागतो. एवढेच. ताटलीला ना जठर, ना यकृत. शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे: माणसांवर तपासलेले नाही, चालू उपचारांना हा पर्याय नाही. पोथी पुरी झाल्याशिवाय कुणाला उठू न देणाऱ्या तुम्हांला माझी सात पाने जड झाली? वहिनीला उद्याच रुग्णालयात न्या. नाहीतर मी येऊन नेईन, आणि तुम्हांला विचारणार नाही.

रागात लिहिले आहे, खोडणार नाही.
धाकटी

दि. १९ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाने जड झाली नाहीत. स्नान करून दोनदा वाचली. शेवटचा परिच्छेद तेवढा सोडला. जुने ग्रंथकार समाप्तीला आपण अल्पमती, ग्रंथ अपुरा असे म्हणतात. तो विनय असतो. तुझेही तेच समजलो. तुझ्या अंगी विनय कधी होता, हा विचार तेव्हाच करायला हवा होता.

तिला नेले. डॉक्टरांनी पानाचे नाव लिहून घेतले. माझ्याकडे पाहिले नाही. पोटात पाणी झाले आहे. गेलेले सहा आठवडे भरून निघणार नाहीत, म्हणाले. पुढची तारीख चोवीस. तू येऊ नयेस. तुझ्यासमोर उभे राहण्याची माझी तयारी नाही.

आशीर्वादात उणे नाही.
दादा

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले, म्हणून खाली लिहिते. काढा फार कडू होता. रोज प्यायले, कारण पेला धरणारा ह्यांचा हात कापत असे. चोवीसला या. हे बाहेर बाकावर बसतील; तुम्ही आत माझ्यापाशी बसा.
वहिनी