कपाटातल्या चार हातांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाण्याखालचे फोटो काढणे (डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी बंद पाडला), हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दार आतून लावून, दिवसाढवळ्या लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवला असता तर निदान संशय कोणाचा घ्यायचा हे तरी कळले असते. याआधी केलेली तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिली दोन माझ्याजवळ आहेत. तिसरे सापडत नाही, आणि ते आपोआप हरवले यावर माझा विश्वास नाही.

कलम १. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या पत्नीच्या. शिंपी आठवड्यातून दोनदा आपल्या खर्चाने जिना पुसून घेतो, ते आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला मागची खोली कापड ठेवायला हवी आहे. पत्नीने त्याच्याशी गोड बोलावे, पण किल्ली देऊ नये.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद वकीलबाईंची टायपिस्ट वाचणार आहे.

कलम ३. जावयाला माझे सुरुवातीचे प्लॅस्टिकचे हात, जोडीने. ते खिळखिळे आहेत हे मला माहीत आहे. गेल्या दोन भेटींत त्याने, "बाबा, तुमचे ते चांगले हात ॲल्युमिनियमचे की कार्बनचे?" असे सहज विचारले. इतके सहज कोणी विचारत नाही.

कलम ४. कॅमेरा, त्याची पाण्यात न्यायची पेटी, दोन्ही स्ट्रोब आणि कपाटातले चार चांगले हात मुलीला. ती स्वतः बुडी मारते, तिला वेगळे सांगायला नको. पण वकीलबाईंनी विचारले म्हणून लिहितो. स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश. तो कॅमेऱ्याला चिकटून ठेवला तर भिंगापुढचा गाळाचा कण न् कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. म्हणून स्ट्रोब दोन्ही बाजूंना लांब धरायचा, आणि त्यासाठी हे दांडे, म्हणजे हात. प्रत्येक हाताच्या दोन टोकांना लिंबाएवढा गोळा, गोळ्यावर रबरी रिंग. दोन गोळे एका पकडीत घालून वरचा स्क्रू आवळला की हात जिथे ठेवाल तिथे राहतो.

माझ्या चारांपैकी दोन आठ इंची आहेत, दोन बारा इंची. मोठ्या दृश्याला बारा आणि आठ जोडून वापरावेत, लहान जिवाला नुसते आठ. पोकळ कार्बनचे हात पाण्यात हलके वाटतात आणि मनगट वाचवतात हे खरे, पण ॲल्युमिनियमचा हात खडकावर आपटला तर फक्त पोचा पडतो. म्हणून मी ॲल्युमिनियम घेतले. पाण्यातून वर आल्यावर पकडी आवळलेल्या ठेवू नयेत. सगळे स्क्रू ढिले करावेत, दोन तास गोड्या पाण्यात बुडवावेत, बुडवलेले असताना हलवावेत, नाहीतर आत मीठ बसते आणि पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला असा धरतो की मग हातोडीनेही सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे, पेटीच्या रिंगेला ग्रीस लावायचे, गोळ्याच्या रिंगेला कधीही नाही. पेटीची रिंग पाणी अडवते. गोळ्याची रिंग नुसती घट्ट धरते, आणि धरायला ती कोरडी लागते.

कलम ५. माझा जुना भागीदार, म्हणजे ज्याला बंदराच्या धक्क्यावर सगळे 'पाणकोंबडा' म्हणतात तो, याला माझ्या वस्तूंपैकी एक स्क्रूसुद्धा मिळू नये. कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे माझ्या पश्चात तो साळसूदपणे रडायला आला तर कोणी फसणार नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला एक ऑक्टोपसची मादी अंडी राखत बसली होती. आम्ही दोघांनी पाच आठवडे तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. अंडी फुटण्याच्या बेताला आली तेव्हाच मी तापाने अंथरूण धरले. त्या दिवशी दुपारी पाणकोंबड्याने माझ्या घरी बसून माझेही हात जोडून ठेवले. दुसऱ्या दिवशी मी अंगात कणकण असताना खाली गेलो. पिल्ले बाहेर पडू लागली. मी पहिला फोटो घेतला आणि डावा हात घसरला. वर केला, घसरला. स्क्रू बोटे दुखेपर्यंत आवळला, तरी घसरला. मग उजवाही. माझ्या सगळ्या फोटोंत गाळाचे ठिपके आहेत, पिल्लू एकही ओळखू येत नाही. शेजारीच असलेल्या पाणकोंबड्याचे हात मात्र खांबासारखे स्थिर होते. त्याचा तो फोटो आज मत्स्यालयाच्या दाराशी भिंतभर लावला आहे.

वर आल्यावर मी पायरीवर बसून होतो, तर यानेच माझे हात उघडून, पुसून, धुऊन ठेवले. पुरावा धुतला. त्याने मला झिजलेल्या रिंगा घातल्या असणार. मी तोंडावर विचारले, तर याने तोंडात मिठाची गुळणी धरली. निर्दोष माणूस निदान भांडतो. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. केसाने गळा कापला त्याने माझा.

आज यादी करण्यासाठी हात कपाटातून काढले, तर तेच! जोडले, आवळले, आणि हात घसरला. चार वर्षे यांना पाणी लागलेले नाही. मनात पाल चुकचुकली. कोणीतरी घरात शिरून तोच उद्योग पुन्हा करत आहे. चार वर्षांचा चिकट मळ बसला असेल असे समजून मी पकडी आणि रिंगा कोरड्या पुसल्या, गोळा आणि पकड यांवरून पेन्सिलीची बारीक रेघ ओढली आणि कपाट होते तसे लावले. आता बघू.

कलम ६. (तीन दिवसांनी. मागाहून भर: कलम ४ चा शेवट आणि कलम ५, ६, ७ वकीलबाईंनी घरात वाचून दाखवू नयेत. पत्नीच्या चष्म्याला पुरणार नाही इतक्या बारीक अक्षरात मी ती मुद्दाम पुन्हा उतरवली आहेत.)

रेघा हलल्या होत्या. म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर मी डोळे मिटून पडलो आणि घोरण्याचे सोंग केले. शिंपी येईल किंवा जावई, असा अंदाज होता. आली ती माझी पत्नी. तिने जुनी चादर अंथरली, चारही हात काढले, एकेक स्क्रू सोडवला आणि करंगळीवर ग्रीस घेऊन प्रत्येक गोळ्याच्या रिंगेला हलक्या हाताने लावू लागली, तान्ह्या बाळाला तेल लावावे तसे.

मी उठून बसलो. "हे काय चाललंय?"

"झोपा हो तुम्ही. कोरड्या पडल्यात सगळ्या. तुमच्याच्यानं आता होत नाही, मग मी नको बघायला?"

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच की! रिंग कोरडी राहिली तर पाणी शिरतं, असं तुम्हीच नाही का ओरडायचात? मागं तुम्ही तापानं पडला होतात, त्या पिल्लांच्या वेळी, तेव्हाही मीच लावलं होतं. भावजी, तुमचे ते भागीदार, हात जोडून गेले, मग मी परत एकेक सोडवून लावलं." तिने मान वर केली. "आलं का कुठं पाणी आत? नाही ना आलं?"

"नाही आलं," मी म्हणालो.

ती समाधानाने पुढच्या गोळ्याकडे वळली. मी पुन्हा आडवा झालो, पण घोरण्याचे सोंग मला जमेना.

कलम ७. दुसऱ्या दिवशी मी पाणकोंबड्याला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. तो तासाभरात आला. पत्नी बाजारात गेली होती.

मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"पुसताना बोटाला लागलं ना. ग्रीस होतं. तुझ्या घरात दुसरं कोण लावणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"वहिनी तिथंच धक्क्यावर उभ्या होत्या, डबा घेऊन. त्यांच्यासमोर सांगू, तुमच्यामुळं फोटो गेला म्हणून? तुझ्या तोंडाला त्या दिवशी काही धरबंध नव्हता. मला म्हणालास ते त्यांना म्हणाला असतास."

"नंतर सांगायचंस."

"नंतर तू फोन उचललास कुठं?"

मी त्याची क्षमा मागितली. ते नीट शब्दांत जमले नाही, पण मागितली. चारही हात तुला लिहून देतो, असे म्हणालो आणि साक्षीदार म्हणून सहीही मागितली. वकीलबाईंनी बजावले होते ते त्याला सांगितले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा हात घे नाहीतर सही कर. खरे सांगतो, तो हातच घेईल असा मला संशय होता.

तो म्हणाला, "हात आहेत माझ्याकडे. सही करतो. तू शुद्धीवर आहेस असं लेखी द्यायला एकोणीस वर्षं थांबलोय मी."

त्याची एकोणीस वर्षे मी खाल्ली. याची भरपाई या कागदात कुठल्याच कलमाने होत नाही.

कलम ८. वरील कलम ४ मध्ये पुढीलप्रमाणे बदल करतो, आणि हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. मुलीला कॅमेरा, पेटी आणि स्ट्रोब. हात तिने नवीन घ्यावेत, लांबी वर दिली आहे तीच.

तसेच, पूर्ण विचारांती जाहीर करतो की पिल्लांच्या दिवशी हात घसरले ते माझ्या चुकीने. तापात होतो, पकडी नीट तपासल्या नाहीत. भागीदाराचा दोष नव्हता. दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

कपाटातले चारही हात माझ्या पत्नीला. ते पुन्हा पाण्यात नेऊ नयेत. ग्रीसच्या सहा नवीन ट्यूब मी आणून खालच्या खणात ठेवल्या आहेत. तिला वाटेल तेव्हा तिने ते चादरीवर काढावेत आणि सगळ्या रिंगांना लावावे. मुलीने, जावयाने किंवा कोणत्याही जाणकाराने तिला अडवू नये.

ठिकाण: राहत्या घरी, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा

मृत्युपत्र करणार (सही)

साक्षीदार १: जुना भागीदार, पाण्याखालचा छायाचित्रकार (सही)
साक्षीदार २: खालचा शिंपी (सही, कलम १ त्याला वाचू दिलेले नाही)