टम्म भरली

सूर्यमाळ,
रविवार, दुपार

प्रिय गोरख,

तुझा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनवर आहे. ‘चार्जर खरंच खराब होता का गं?’ एवढाच. हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर देता आलं असतं. ते द्यायला मला दोन महिने का लागले? हे चौथं पत्र आहे, आधीची तीन चुलीत गेली. दोन ओळी लिहिते, उठते, हंड्यात पाणी किती उरलंय ते बघून येते, पुन्हा बसते. फोन कर म्हणशील. पण फोनवर घाईत मी काय बोलते ते पुढे वाचशीलच, म्हणून कागद घेतला.

इकडची खबर सांगते. विहीर तळाला गेली, बायका पुन्हा खालच्या झऱ्यावर जातात, उजाडायच्या आधी. उतरणीवर तू लावून दिलेली दिव्यांची पट्टी बॅटरीविना तशीच लटकतेय. बायका मोबाइलचा उजेड पाडत उतरतात. डोक्यावर हंडा असला की मोबाइल दातात. परवा धोंडीबाईचा मोबाइल झऱ्यात पडला. “आता मासे फोन करतील मला,” म्हणाली. सगळ्या हसल्या. बोहाड्याला तू आला नाहीस. तुझं सोंग पांड्याने नाचवलं. मुखवटा त्याला मोठा, सारखा कानावरून घसरायचा. तुझी आई, आमची जिजामावशी, बघायलाही आली नाही. जिजामावशी आता झऱ्यावर सगळ्यांच्या मागून जाते, एकटी. तिचा हंडा चढवायला कोणी हात देत नाही. हे तुला कोणी कळवलं नसेल. ती तर नाहीच सांगणार.

तू ठाण्याहून चार्जर आणलास तो दिवस मला सारखा आठवतो. तुझ्या दुकानात रिमोटची विमानं उडवणारे हौशी लोक येतात, त्यांच्यापैकी कुणी नवा घेतला म्हणून हा तुला दिला, आणि सोबत उतरणीवरच्या दिव्यांसाठी तीन सेलची बॅटरी. फागीकाकीच्या पडवीत बसून तू बायकांना समजावलंस: जाड तारेतून वीज आत जाते, आणि बारीक तारांच्या पांढऱ्या पिनेतून चार्जर एकेका सेलची विचारपूस करतो, तुझं पोट भरलं का, तुझं भरलं का. काकी म्हणाली, “म्हणजे सासू नाय, आई हाय ती.” केवढे हसलो होतो. नियम मी लिहून भिंतीला लावले. बॅटरी सुट्या कौलावर ठेवायची, गोधडीवर नाही. रेतीची पाटी शेजारी हवी. चार्जिंग चालू असताना माणूस जवळ हवा. बॅटरी तापली, फुगली तर आधी वीज बंद. आणि ‘चार्ज’ हा शब्द बायकांना परका वाटेल म्हणून मी ‘भरली’ हा शब्द दिला. हिरवा दिवा लागला की बॅटरी भरली, आणि भरली की मला फोन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बीएस्सी झाले तेव्हापासून वाटायचं, विज्ञान आपल्या माणसांच्या शब्दांत आणायचं, तेवढं जमलं तरी पुष्कळ. त्या एका शब्दाचा मला फार अभिमान होता.

बॅटरी जळाली तो दिवस बाजाराचा होता. मोखाड्याच्या आमच्या ऑनलाइनच्या दुकानात गर्दी उसळलेली. कुणाचा जातीच्या दाखल्याचा फॉर्म, कुणाचा घरकुलाचा, “भरला का? माझा भरला का?” एवढंच सगळीकडून ऐकू येत होतं. त्यात काकीचा फोन. रेंज तुटत होती. ती म्हणाली, “बाय, बॅटरी भरली, टम्म भरली, काय करू?” मी म्हणाले, “भरली ना? मग राहू दे तशीच. मी आले की काढते.” आणि पुढचा फॉर्म घेतला.

काकीला वाचता येत नाही, गोरख. भिंतीवरचं ‘फुगली’ तिच्यासाठी नव्हतंच. आणि तिच्या बोलण्यात गळू भरतं. ते टम्म झालं, आता फुटणार, म्हणजे ‘भरलं’. तिने जे दिसलं ते अगदी बरोबर सांगितलं होतं. काय करू, हेही विचारलं होतं. मी सांगितलं तसं तिने राहू दिलं. मग बॅटरीतून धूर आला, जाळ आला. तिने चार्जरची वायर ओढून काढली आणि जळती बॅटरी कौलासकट हाताने अंगणात लोटली. पडवीचा कूड काळा झाला, घर वाचलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. आवणीला भाताचं रोप कसं धरायचं, याचा ती डाव्या हाताने सराव करते. मला दिसू नये म्हणून पाठमोरी बसते.

संध्याकाळी सगळे जमले. काळ्याकाका म्हणाला, “भंगार माल आणून आपल्या गळ्यात मारला त्या गोरख्याने. शहरातला कचरा!” मग माझ्याकडे वळला. “हर्षदा, तू शिकलेली. तू सांग.” मी म्हणाले, “चार्जर जुना होता.” यात खोटं काहीच नव्हतं. जुना होताच तो. पण त्या तीन शब्दांनंतर कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी चार्जर पिशवीत घालून जव्हारला कॉलेजात गेले. सरांनी चांगली बॅटरी दिली. चार्जरने तिचे तिन्ही सेल एकसारखे चार पूर्णांक दोन व्होल्टपर्यंत आणले आणि स्वतःहून थांबला. मग आपली जळकी बॅटरी तपासली. पांढऱ्या पिनेची एक बारीक तार आवरणाच्या आत तुटलेली होती. चार्जरने बाजाराच्या त्या सकाळी हेच सांगितलं होतं. पिन लावली तशी त्याने शिटी वाजवली, जोडणी नाही असं स्क्रीनवर दाखवलं. मीटर घेऊन एकेक सेल मोजायचा, तार तुटली असेल तर बॅटरी बाजूला ठेवायची, हे मला ठाऊक होतं. पण खाली जीप हॉर्न देत होती. मी बटण दाबून साधं चार्जिंग निवडलं. त्यात चार्जर नुसती तिन्ही सेलची बेरीज बघतो, एकेकाला विचारत नाही; एखाद्याच्या पोटात जास्त गेलं तरी त्याला कळत नाही. शिटी थांबली. काकीला म्हटलं, “झालं नीट,” आणि जीप पकडली.

काल पाड्याची बैठक होती, उंबराखाली. मी चार्जर घेऊन गेले. कॉलेजातली बॅटरी पांढऱ्या पिनेशिवाय जोडली आणि सगळ्यांना ती शिटी ऐकवली. मग बटण, जीप, फोन, सगळं सांगितलं, काही न वगळता. फागीकाकी म्हणाली, “तो आरडत होता, तर तू त्याचं तोंड का दाबलंस?” मग ती हळूच म्हणाली, “मी तर बरोबर सांगलं होतं ना, बाय?” दोन महिने ती स्वतःलाच दोष देत होती, हे मला तेव्हा कळलं. यापुढचे शब्द ती ठरवणार आहे. चार्ज झाली की ‘झाली’; ‘भरली’ म्हणजे धोका. बा बैठकीतून उठून गेला. पण आज पहाटे काळ्याकाकाच्या सुनेने जिजामावशीचा हंडा चढवला. मी मागेच उभी होते. तू ये म्हणायला हे लिहिलेलं नाही, यायचं की नाही ते तू ठरव. तू विचारलं होतंस, म्हणून लिहिलं. नाही, गोरख, चार्जर खराब नव्हता. तुझ्या आईच्या समोर उभी राहून, सगळ्या पाड्याला मी ते सांगितलंय.

तुझीच,
हर्षदा