फळ्यावर ठेवलेला फरक

सर, दिग्रसच्या आपल्या महाविद्यालयात, तुम्ही बसत होता त्याच खोलीत बसून लिहितो आहे. समोरचा वाणिज्य शाखेचा वर्ग निम्म्याहून अधिक रिकामा आहे. बोंडअळीने या हंगामातही कपाशी पोखरली. उरलेली बोंडे वेचायला मजूर लावणे परवडत नाही, म्हणून खेड्यांतली मुले घरीच थांबली आहेत. नेमक्या याच दिवसांत, मूल्यांकन समिती यायची म्हणून, विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले गेले. तुमच्या काळी ही पद्धत नव्हती. विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला शिक्षकाला एक ते पाच गुण देतात, त्यांची सरासरी निघते, आणि ती सरासरी म्हणजेच त्या शिक्षकाचे शिकवणे, असे धरले जाते. सरासरी काढण्याचे काम माझ्याकडे आहे. बेरजा पुन्हा तपासल्या. त्यांत चूक नाही, हेच दुःख आहे.

सर्वांत कमी गुण मिळाले ते तासिका तत्त्वावर हिशोबशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या तरुण प्राध्यापिकेला. ती माझी विद्यार्थिनी, म्हणजे एका अर्थाने तुमची नातच. तेरजेत नावे आणि जमा या बाजू जुळल्या नाहीत, तर ती उत्तर सांगत नाही. दोन्ही बाजूंतला फरक फळ्यावर तसाच ठेवते आणि कोणाला तरी चूक सापडेपर्यंत शिपायाला फळा पुसू देत नाही. ती शिकत होती तेव्हा मी असेच शिकवत असे, आणि मी ते तुमच्याकडून घेतले होते. ‘शंकांचे तत्काळ निरसन केले जाते का?’ या प्रश्नापुढे तिला बहुतेक अर्जांत एकच गुण आहे.

मला तुमचा तो सकाळचा तास दिसतो. फरक काही केल्या सापडत नाही, म्हणून मी ती रक्कम तात्पुरत्या, उचंत खात्यात टाकून दोन्ही बाजू सारख्या केल्या आहेत आणि तुम्ही माझ्या बाकाशी येऊन उभे आहात.

“जुळली काय रे?”

“हो सर.”

“जुळली नाही, तू जुळवली. फरक काहून झाकून ठेवला? झाकल्यानं मिटते काय तो?”

सगळा वर्ग हसतो. तुम्ही माझा फरक मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिता आणि निघून जाता. तो आठवडाभर तिथे होता. शनिवारी चूक सापडली: खरेदी परतीची रक्कम मी जमेऐवजी नावे टाकली होती. पुढे आयुष्यात ती चूक माझ्याकडून झाली नाही. पण त्या आठवड्यात माझ्या हातात असा अर्ज आला असता, तर मीही तुम्हाला एकच गुण दिला असता.

या गुणांवरच्या बैठकीत मी सुचवले, की वेचणी संपल्यावर अर्ज पुन्हा घ्यावेत, कारण तिच्या तासाला नेमाने बसणारी मुले आज वावरात पऱ्हाटीची बोंडे वेचत आहेत. प्राचार्य म्हणाले, “समिती काय वेचणी सरेपर्यंत थांबून राह्यते, सर? मग पऱ्हाटीलेच द्या ना अर्ज भरायले.” सगळे हसले. मीही थोडा हसलो असेन. पुढच्या सत्राच्या प्राध्यापकांच्या यादीत तिचे नाव नाही.

हे तिला मीच सांगितले. “पोट्टे खोटं नाही लिहून राह्यले, सर. मी उत्तर सांगतच नाही,” ती म्हणाली. मग पर्स उचलता उचलता, “पण तुमच्या सरायनं तरी तुम्हाले सांगितलं होतं काय?” माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तिला पुसदची बस गाठायची होती.

सर, तुम्ही आता नाही आणि हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. महाविद्यालयात सर्वांत जास्त सरासरी माझी आहे. ही अर्जांची पद्धत सुरू झाली तेव्हापासून तास संपण्याआधी मी स्वतःच चूक दाखवतो, उत्तर लिहून देतो, आणि मुले समाधानाने बाहेर पडतात.

ती गेल्यावर शिपाई दारात आला. समोरच्या वर्गात तिने लिहिलेला फरक फळ्यावर अजून तसाच होता. “पुसू काय, सर?” त्याने विचारले.

मी हो म्हणालो.